रेनकोट आणि नारायणगुड्याचा चढ

४ जानेवारी, रविवार

ही डायरी खाजगी आहे. रेल्वे युनियनने दिली, कव्हरवर इंजिनाचं चित्र आहे. पार्सल ऑफिसात असतानाही दर वर्षी मिळायची, पण तिच्यात दूधवाल्याच्या खाड्यांपलीकडे कधी काही लिहिलं नाही. यंदा कारण घडलंय. पुतण्या विकीच्या हाती ही लागली तरी भीती नाही. इथे जन्मलेल्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचायला दिलं की दुसऱ्या ओळीवर जांभया येतात.

आज विहारात जयंतीची पहिली मीटिंग झाली. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीची आमची मिरवणूक विद्यानगरातून निघते आणि नल्लाकुंटा, नारायणगुड्याचा उड्डाणपूल, हिमायतनगर करत लिबर्टी चौकात त्यांच्या पुतळ्यापाशी पोचते. सगळ्यांच्या पुढे निळा झेंडा. माझे वडील प्रतापराव परभणीकडून इथे आले तेव्हापासून तो त्यांच्याकडे होता, त्यांच्यानंतर माझ्याकडे. उंच बांबू, वर चादरीएवढं कापड. कमरेला चामड्याचा पट्टा, पट्ट्याला पुढे वाटी, आणि त्या वाटीत बांबूचा बुंधा. झेंडा जमिनीला टेकवायचा नाही आणि मध्ये थांबायचं नाही, एवढे दोनच नियम.

गेल्या वर्षी मी थांबलो. नारायणगुड्याच्या चढावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी सरळ कठड्याला टेकून बसलो. झेंडा विकीने पकडला. कुणी मला ग्लुकोज पाजलं, कुणी व्हिडिओ काढला. व्हिडिओ अजून फिरतोय.

आज विकी, जो आता समितीचा सेक्रेटरी आहे, उभा राहून म्हणाला, "काकांची तब्येत बघता यंदा त्यांना जीपमध्ये बसवू. फुलं-बिलं लावू. एकदम व्हीआयपी."

जीप! हार घालून जीपमध्ये बसवतात तो माणूस एकतर निवडून आलेला असतो, नाहीतर गेल्यात जमा असतो. मी निवडणूक लढवलेली नाही. मी म्हणालो, झेंडा मीच धरणार. बराच गलका झाला. शेवटी अध्यक्ष भगवंतरावांनी तोडगा काढला. पाच एप्रिलला रविवार आहे, पहाटे रस्ता रिकामा असतो. त्या दिवशी मी झेंडा घेऊन पूल चढून उतरून दाखवायचा. न बसता. जमलं तर झेंडा माझा, नाही तर जीप.

घरी येऊन कोंडाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मग बसा की जीपमदी. वारं लागंल," म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "आन झेंडा कुनाकडं देनार?"

"विकीच्या जिममधला कुणीतरी दोस्त आहे म्हणे. दंड दाखवत फिरतो तो."

तिचा हात थांबला. भाकरी काठाला फाटली, तिने परत गोळा केला. मला बरं वाटलं. बायको काही बोलत नाही, पण नवऱ्याचा अपमान तिला लागतो.

७ जानेवारी, बुधवार

कामाला लागलो. व्यायामातलं मला बरंच कळतं. पोट घटवायचं तर घाम निघाला पाहिजे आणि घाम निघायचा तर अंग झाकलं पाहिजे. ही गोष्ट आमच्या पार्सल ऑफिसात सगळ्यांना माहीत होती. म्हणून सरकारी रेनकोट काढला. रबराचा, जाड, रेल्वेचा माल. आत स्वेटर. गुडघ्यांना नवे नी-कॅप. कोंडाबाई दारात उभी राहून म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी लक्ष दिलं नाही.

उस्मानिया विद्यापीठाच्या मैदानात फेऱ्या मारल्या. आभाळ निरभ्र. एका म्हाताऱ्या मियांनी थांबवून विचारलं, "क्यों साब, बारिश का कुछ खबर है क्या?" मी म्हणालो, एक्सरसाइज. ते "हौ हौ" म्हणत लांबून गेले.

परत आलो तेव्हा रेनकोटातून घाम अक्षरशः ओतला. वजनकाट्यावर फरक दिसला! जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची अनुराधा भेटली. ही पुण्याची, नवरा पुष्कर आयटीत, ती स्वतः एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. पोरगी चांगली आहे, फक्त शिकवायची फार हौस. मला आपादमस्तक बघून म्हणाली, "काका, घाम म्हणजे चरबी नव्हे हो. गेलं ते पाणी गेलं. दोन ग्लास प्यालात की वजन परत जागेवर."

म्हणूनच तर मी पाणी पीत नाही, असं तिला सांगितलं. व्यायामात पाणी प्यायलं की पोट सुटतं. तिने कपाळाला हात लावला. एवढं शिकून या मुलांना साध्या गोष्टी माहीत नसतात.

११ जानेवारी, रविवार

सगळं अंग ठणकतंय. खोकताना पोट दुखतं, हसताना बरगड्या, आणि जिना उतरताना तर काय दुखत नाही ते विचारावं. म्हणजे लागू पडतंय. दुखल्याशिवाय व्यायाम कसला?

कोंडाबाईने तेल चोळून दिलं. चोळता चोळता म्हणाली, "येवढं दुखतंय मंजी काम कमी आन हाल ज्यादा, आसं अनुराधा म्हनती."

"तिला काय कळतंय. तू तिच्याकडे जातेस कधी?"

"दळन द्यायला जाते की."

मग तिने विचारलं, झेंडा नेमका धरायचा कसा? लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. मी दुखणं विसरून उठून बसलो. सगळं समजावलं. बांबू मनगटाने नाही धरायचा, तो पोटाने आणि मांड्यांनी धरायचा. हात फक्त वळण द्यायला. वारं समोरून आलं की ताठ नाही उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे. आणि कापडाकडे बघायचं नाही, नजर रस्त्यावर ठेवायची. ती मन लावून ऐकत होती. मध्येच विचारलं, "आन वळताना?" वळताना आतल्या पायावर भार. "आन तहान लागली तर?" लागू द्यायची नाही, म्हणालो. तिने तेलाची वाटी उचलली आणि गेली.

नवऱ्याची किंमत बायकोला उशिरा कळते. पण कळते.

२५ जानेवारी, रविवार

कोंडाबाईचं काहीतरी बिनसलंय. हे लिहू की नको असं झालंय, पण लिहितो. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी दोन वर्षांपूर्वीच तिला सांगितलंय की जिने टाळायचे, बसून राहायचं, झीज होते. ती मान डोलावते. पण हल्ली ती खुर्चीवरून उठते, उभी राहते, काही आठवत नाही असं बघते आणि परत बसते. परत उठते. परत बसते. हात छातीवर बांधलेले. आज पेपराच्या आडून पाहिलं, चांगला बराच वेळ चाललं होतं. मी विचारलं, काय हवंय? म्हणाली, "काई न्हाई, इसरले."

कशासाठी उठलो हे विसरणं, ही सुरुवात असते म्हणे. पिंकीला फोन करून सांगावं का? मुलगी लांब नागपूरला, उगाच घाबरेल. मीच जरा सांभाळून घेईन. संध्याकाळी भांडी मी घासली. ती संशयाने बघत होती.

८ फेब्रुवारी, रविवार

आनंदाची बातमी. आज माळ्यावरून झेंड्याचा पट्टा काढला, तेल लावायला. लावून पाहिला, तर नेहमीच्या भोकात बसला, मुश्किलीने. पण पट्ट्याला बरंच आत एक भोक आहे! मला ते आठवतच नाही. माझ्या तरुणपणचं असणार, किंवा वडिलांचं. वडील काटक होते. पट्टा सिकंदराबादच्या लष्करी सामानाच्या दुकानातला, चामडं अस्सल. भोक अजून काल पाडल्यासारखं ताजं आहे. पूर्वीच्या मालाची बातच वेगळी.

ठरवलं, त्या भोकापर्यंत पोचायचं. सकाळ-संध्याकाळ पोटाचे व्यायाम दुप्पट. उताणं पडून उठायचं. पोटातली चरबी पोटाच्याच व्यायामाने जाणार, मानेच्या तर जाणार नाही.

विकी येऊन बसला होता. त्याने प्रोटीन पावडरचा डबा आणलाय, रांजणाएवढा. म्हणाला, "काका, ये लेओ, टेन्शन नक्को. पंधरा दिवसांत बॉडी." मी घेतलं. दुपारभर पोट नगाऱ्यासारखं. कोंडाबाई म्हणाली, "डाळ खावा, अंडी खावा, गुमान ऱ्हावा." डबा तिने उरलेल्या डाळीला ठेवून घेतला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घडायला नको ते घडलं. उस्मानियाच्या मैदानात, रेनकोटात, चौथ्या की पाचव्या फेरीला जमीन फिरली. मी पडलो नाही, बसलो. पण तोंडाला कोरड, हृदय घशात. तेच मियाँ धावत आले, त्यांचा आज पहिला रोजा. स्वतः पाणी पिणार नव्हते आणि मला नळावर धरून पाणी पाजत होते. म्हणाले, "साब, ये बरसाती आपकी जान लेगी." मला फार लाज वाटली. पूल चढायला निघालेला माणूस सपाट मैदानात बसला.

घरी आल्यावर कोंडाबाईने सरळ अनुराधाला वर बोलावलं. तिने रक्तदाब घेतला, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काका, तुम्हाला बारीक व्हायचंय की झेंडा न्यायचाय?"

मी म्हणालो, झेंडा.

"मग पोटाचं सोडा. चरबी कुठून जायची ते शरीर ठरवतं, तुम्ही नाही. पायात ताकद आणि छातीत दम हवाय, तो कुठल्याही वयात येतो. हळूहळू वाढवायचं, तहान लागली की पाणी प्यायचं, एक दिवसाआड विश्रांती. आणि उद्या तुमच्या डॉक्टरांना दाखवून या. ते हो म्हणाले तरच पुढे."

डॉक्टरांची फाईल काढून ठेवली. नाही म्हणाले तर? हार, फुलं, जीप.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टर हो म्हणाले. गोळी बदलली, मीठ कमी, चालणं वाढवा. रेनकोटाचं मी सांगितलं नाही. कोंडाबाईने सांगितलं. डॉक्टर हसायचे थांबेनात.

रेनकोट गच्चीवरच्या कूलरवर घातलाय. चांगला बसलाय.

१ मार्च, रविवार

आता माझी स्वतःची पद्धत मी बसवली आहे. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं, मध्ये जरा जोरात, परत हळू. जिने चढायचे. भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं. मध्ये मध्ये पाणी. अनुराधा म्हणते हे तिनेच सांगितलं होतं. असेल.

पण गोची झाली. काल रमजानचं मटणाचं हलीम खाल्लं. नारायणगुड्यापर्यंत चालत गेलो होतो, चढ पाहायला. येताना वासाने पाय आपोआप वळले. इतकं चाललोय तर एक प्लेट हक्काची, असं वाटलं. मग वर थोडं तूप मागितलं. घरी जेवलो नाही, तर कोंडाबाई म्हणाली, "किती चालला?" सांगितलं. "आन किती खाल्लं?" हे मी सांगितलं नव्हतं. मिशीला तळलेला कांदा होता.

"चालून जळतं ती शेंगदान्यायेवढं, आन तुमी खाल्लं बोकडायेवढं," म्हणाली. तिला ही वाक्यं कोण शिकवतं?

१० मार्च, मंगळवार

उन्हाळा लागला. कोंडाबाईने गच्चीवर कुरडया घातल्या आहेत. आमचं घर सर्वांत वर, त्यामुळे तिचे पाय डोक्यावर ऐकू येतात. या टोकाला, परत त्या टोकाला. म्हटलं, गुडघे दुखतील, किती फेऱ्या घालतेस? म्हणाली, कबुतरं येतात, राखावं लागतं. वर जाऊन पाहिलं, तर कपडे वाळत घालायचा अख्खा बांबू हातात. टोकाला जुनी गोधडी बांधलेली.

"कबुतरांना एवढा बांबू?"

"लांबची बी कबुतरं आसतात की."

गोधडी कशाला, तर म्हणाली भितात. बांबू तिने कमरेच्या ओच्यात टेकवला होता. मी म्हणालो, बायकांनी असं वजन उचलू नये, या वयात तर नाहीच, दंड होतात, अंग पुरुषी दिसतं. तिने बांबू आडवा ठेवला, दोन्ही हातांत तांदळाच्या पिशव्या घेतल्या, ज्या कोण जाणे कशाला गच्चीवर होत्या, आणि "हो का" म्हणत माझ्यापुढे जिना उतरून गेली.

एक मात्र नोंदवायला हवं. गुडघ्यावर हात न ठेवता उतरली. मी सांगितलेल्या विश्रांतीचा गुण.

२२ मार्च, रविवार

पट्टा लावून पाहिला. नेहमीच्या भोकात ढिला, त्याच्या पुढच्यात नीट बसतो. आतल्या भोकाला अजून बराच प्रवास आहे. वडील एवढे बारीक होते? फोटोत तर वाटत नाहीत.

दुपारी विहारातल्या बायका घरी आल्या होत्या. भामा, तिची जाऊ आणि आणखी चार-पाच जणी. मी बाहेर आलो की गप्प. आत गेलो की खसखस. कोंडाबाईला विचारलं, काय शिजतंय? "जयंतीच्या साड्या," म्हणाली. पांढऱ्या साड्यांत ठरवण्यासारखं काय असतं देव जाणे.

५ एप्रिल, रविवार

परीक्षेचा दिवस. पहाटे आम्ही पुलाखाली जमलो. भगवंतराव, विकी, त्याचा तो दंडवाला दोस्त संदेश, कोंडाबाई. काल झोप नीट लागली नव्हती. नापास झालो तर वडिलांना काय तोंड दाखवू, असं सारखं मनात येत होतं. वडील जाऊन किती वर्षं झाली, तरी.

पट्टा बांधला, बांबू वाटीत बसवला, निघालो. सुरुवातीला सगळं सोपं. मग चढ लागला आणि वारं सुटलं. गेल्या वर्षी बसलो होतो तो कठडा दिसला तसा मी ताठ झालो आणि नजर वर कापडाकडे गेली. कोंडाबाई डाव्या बाजूने चालत होती. हळूच म्हणाली, "गुडगे सैल. कापडाकडं बगू नका." माझंच वाक्य मलाच. मी नजर रस्त्यावर आणली. माथा आला. उतार आला. न बसता खाली पोचलो!

विकी प्रामाणिक आहे, टाळ्या त्यानेच पहिल्या वाजवल्या. "काका, एक नंबर!" पण भगवंतराव म्हणाले, हा नुसता पूल होता, त्या दिवशी ऊन असेल, गर्दी असेल, पुढे लिबर्टीपर्यंत जायचंय. बाजूला कुणीतरी जोडीदार हवा, गरज पडली तर धरायला. संदेशने लगेच बाह्या सरसावल्या. मी म्हणालो, मला जोडीदार लागत नाही.

"मी चालते की बाजूनं," कोंडाबाई म्हणाली. "पान्याची बाटली घिऊन."

सगळे हसले. भगवंतराव म्हणाले, वहिनी असतील तर चिंता नाही. विषय मिटला. संदेश जीप चालवणार.

१३ एप्रिल, सोमवार

उद्या. कपडे इस्त्री झाले. पट्ट्याला तेल लावायला गेलो, तर आधीच लावलेलं होतं.

१५ एप्रिल, बुधवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज सगळं लिहितो.

ऊन उतरताना निघालो. पुढे मी, मागे ढोल, त्यामागे बायका, मग पोरं आणि शेवटी फुलं लावलेली रिकामी जीप. कोंडाबाई बाजूला, पांढरी साडी, पायांत अनुराधाचे बूट. बूट पाहून मी डोळे वटारले. "चप्पल चावती," म्हणाली. नल्लाकुंट्याला तिने बाटली पुढे केली, मी चालता चालता घोट घेतला. विकीला वाटलं मी दमलो. मी दमलो नव्हतो, मी शहाणा झालो होतो.

पूल आला. चढ कालपरवाइतकाच होता, पण मागे हजार माणसं असली की तो वेगळा लागतो. गेल्या वर्षीचा कठडा डाव्या हाताला आला आणि मागे गेला. मागे गेला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलं नाही, हात मोकळा नव्हता. माथ्यावर वारं आडवं लागलं, कापड फाडफाड वाजलं, मी गुडघे सैल सोडले आणि झेंडा सरळ राहिला. मागून जयघोष झाला. उतार उतरून हिमायतनगरात शिरलो तेव्हा मला वाटलं, आता मेलो तरी चालेल.

पण पुढे तर अजून बराच रस्ता होता. हिमायतनगरच्या दुकानांपाशी खांदे बोलायला लागले. मग बोटं. बोटांना बांबू कळेना. मी दात आवळले. पुढच्या चौकापर्यंत, मग त्याच्या पुढच्या, असं चाललं होतं. विकीने ते पाहिलं आणि दोन्ही हात पसरून पुढे आला. "काका, देओ देओ." संदेशने जीप पुढे घेतली, दारच उघडलं.

मी बाजूला पाहिलं. कोंडाबाई माझ्याकडे बघत नव्हती, ती वर कापडाकडे बघत होती. ओठ घट्ट मिटलेले. पाण्याची बाटली तिने दोन्ही हातांत पोटाशी धरली होती. एक हात वर, एक खाली, जणू बांबूचा बुंधा वाटीत. इतक्या वर्षांत मी त्या बाईला इतकं काही हवं असलेलं पाहिलं नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कबुतरं. खुर्ची. भामाच्या साड्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. घरात राहून माझ्याशी लपवाछपवी चालवली बाईने. पण त्याहून जास्त जे वाटलं त्याला काय म्हणावं ते कळत नाही. मी विकीच्या हातांवरून बांबू पलीकडे नेला.

"धर," म्हणालो.

तिने धरला. क्षणभर दोघांचे चारही हात बांबूवर होते आणि आम्ही चालत होतो. मी एका हाताने पट्टा सोडला, चालता चालताच तिच्या कमरेला घातला आणि मागून ओढला. नेहमीच्या भोकात बसेना, फार ढिला. पुढच्यातही नाही. अजून ओढला. आतलं भोक आलं आणि काटा टचकन आत बसला. मापात.

वडील एवढे बारीक नव्हतेच.

मग ती पुढे निघाली. गुडघे सैल, नजर रस्त्यावर. मागून भामा ओरडली आणि सगळ्या बायका ढोलाच्या पुढे आल्या. फूटपाथवरच्या, दुकानांतल्या, ओळखीच्या, बिनओळखीच्या. विकी हात पसरलेलाच राहिला होता, मी त्याला म्हणालो, हात खाली घे, बाळ. संदेश जीपचं दार धरून उभा होता. मी बसलो नाही. बाटली घेतली आणि तिच्या डाव्या बाजूने लिबर्टीपर्यंत माझ्या पायांनी चालत गेलो. पुतळ्यापाशी तिने झेंडा उभा केला तेव्हा मी सगळ्यांसमोर रडलो. त्याचाही व्हिडिओ आहे.

आज सकाळी माझे खांदे उचलत नाहीत. ती उठून चहा ठेवून मोकळी. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं आसतं तर तुमी म्हनला आसता, बायकांनी वजन उचलू न्हाई."

म्हणालो असतो. म्हणालोही होतो.

"आन झेंडा तुमच्याकडून काढून घ्यायचा नव्हता मला," ती म्हणाली. "तुमी पूल चडावा आसं वाटत होतं. पन पुढं कुनीतरी लागनार होतं. मग संदेश कामून? ल्हान होते तवापून झेंडा मागूनच बगत आले. यकदा पुढून बगायचा होता."

"कसं दिसतं पुढून?"

तिने विचार केला. "झेंडा दिसतच न्हाई. रस्ता दिसतो."

हे मला इतक्या वर्षांत कुणाला सांगता आलं नव्हतं.

विकीचा फोन येऊन गेला. पुढच्या वर्षी पुलापर्यंत काका आणि पुलापुढे काकी, असं समितीने ठरवलंय म्हणे. संदेश अनुराधाकडे चौकशी करून गेला की काकी कुठल्या जिमला जातात.

पट्टा पलंगावर पडला होता. मी उचलून ते भोक परत पाहिलं. तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं, कडा काळ्या. विचारलं, हे कधी पाडलंस?

"जानेवारीतच," ती म्हणाली. "तुमी पयल्या दिवशी रेनकोट घालून गेलता न्हवं का, तुमी जिना उतरला आन मी खिळा तापाय ठिवला."

मी पट्टा तिच्याच भोकावर लावून खुंटीला अडकवला आणि चहा प्यायला बसलो.